वेंगुर्ला: खाडी, रापण आणि ओले काजूगर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन वेंगुर्ल्याला जाऊन आलो. मालवणला जाणारे वरून निघून जातात आणि गोव्याला जाणारे खालून, त्यामुळे मधला हा तालुका बऱ्याच जणांचा राहूनच जातो. खरं तर इथली नगरपरिषद एकोणिसाव्या शतकातली. एवढ्याशा गावाला इतकी जुनी नगरपरिषद कशी, हा प्रश्न घेऊनच निघालो होतो. त्याचं उत्तर पहिल्याच संध्याकाळी बंदरावर मिळालं.

गुरुवार: बंदर आणि वखार

कुडाळला उतरून रिक्षाने वेंगुर्ला गाठलं. कुडाळ काय, सावंतवाडी काय, दोन्ही स्टेशनं पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत आहेत, त्यामुळे जिथलं तिकीट मिळेल तिथलं काढावं. रस्ता सगळा काजूच्या बागांमधून जातो. झाडांवर पिवळी-लाल बोंडं लगडली होती आणि त्यांचा आंबूस-गोड वास थेट रिक्षात येत होता.

आम्ही उभादांड्याला एका घरात उतरलो. घरच्या काकींनी दारातच आईला विचारलं, "प्रवास बरो झालो मां?" आणि उत्तराची वाट न बघता कोकम सरबताचे पेले पुढे केले.

ऊन कलल्यावर बंदरावर गेलो. टेकडीवर दीपगृह, खाली जेटी, आणि समोर पश्चिमेला समुद्रात काळ्या खडकांची रांग. गलबतांच्या काळात नाविक या खडकांना फार भीत. आज त्यातल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. या पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात, आणि त्या घरट्यांना परदेशात मोठी किंमत येते म्हणून त्यांची चोरीही होत असे.

जेटीवर एक आजोबा गळ टाकून बसले होते. आईने त्यांच्याशी बोलणं काढलं. ते लहान असताना मुंबईहून बोट यायची. बोट किनाऱ्याला लागत नसे, लांब खोल पाण्यात थांबायची. मग इथून पडाव जायचे आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं त्यात उतरवून घ्यायचे. "गणपतीक चाकरमानी येयत तेवां ह्या बंदरार पाय ठेवक जागा नसायची," आजोबा म्हणाले. आई स्वतः लहानपणी मामाबरोबर बोटीने रत्नागिरीला गेलेली, त्यामुळे दोघांचं चांगलंच जमलं. पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकताना पोटात कसा गोळा यायचा, हे दोघेही एकमेकांना सांगत बसले.

बंदराने गावाला काय दिलं, ते त्यांच्या बोलण्यातून उलगडत गेलं. बेळगावपर्यंत रेल्वे पोचण्याआधी घाटमाथ्यावरचा माल आंबोली घाटाच्या बाजूने उतरून वेंगुर्ल्यात यायचा आणि इथून जहाजात चढायचा. त्याच्याही आधी, 1638 मध्ये, डचांचं इथे ठाणं होतं. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद इथूनच जाई. पुढे 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी बंड मोडताना हे गाव जाळलं, आणि 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून ते इंग्रजांकडे गेलं. नगरपरिषद इतकी जुनी का, ते असं समजलं.

डचांची वखार अजून उभी आहे. उभी आहे म्हणायचं एवढंच. जांभ्याच्या जाड भिंती, वर आभाळ, आणि भिंती फोडून आत उतरलेल्या झाडांच्या मुळ्या. राज्य संरक्षित स्मारक आहे, पण आत जपूनच जावं लागतं. अशी इमारत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. तिची डागडुजी लवकर व्हायला हवी, हे मनापासून वाटतं.

रात्री जेवायला बांगड्याचं तिखलं, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. तिखल्यात तिरफळं होती. ज्यांना सवय नाही त्यांनी तिरफळ चावू नये, बाजूला काढून ठेवावं.

शुक्रवार: खाडीतल्या होड्या आणि कचऱ्याचा मळा

मांडवी खाडीतली कांदळवन सफर इथल्या स्वामिनी बचत गटाच्या बायका चालवतात. घरं मच्छीमारांची. वल्हं त्यांच्याच हातात, आणि माहितीही त्याच सांगतात. इंजिन नाही, त्यामुळे पक्षी उडून जात नाहीत. आमच्या होडीत दोघीजणी होत्या. एक पुढे वल्हवत होती, दुसरी बोलत होती.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी झाडी जवळ आली. मावशींनी होडी एका झाडाखाली धरली आणि फांदीला लोंबणारी हिरवी लांब शेंग दाखवली. ती कांदळाची. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, वीतभर-हातभर वाढतं आणि मग खाली पडून चिखलात उभं रुततं. चिखलात नाही रुतलं तर भरतीबरोबर तरंगत जातं आणि दुसरीकडे मूळ धरतं. कांदळाची मुळं खोडाच्या वरून कमानीसारखी खाली येतात. तिवराची मात्र जमिनीतून वर येतात. ओहोटी लागली होती, त्यामुळे काठाच्या चिखलात बोटभर उंचीची शेकडो टोकं दिसत होती.

"ही मुळां वर येवन श्वास घेतत. त्येंच्यार पाय देव नकात," मावशी म्हणाल्या. मग तिवराचं एक पान तोडून आईच्या हातावर ठेवलं आणि चाटून बघायला सांगितलं. पान खारट लागलं. तिवर आतलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. पान उन्हात तिरकं धरलं तर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. शाळेत हे सगळं पुस्तकात होतं, पण जिभेवर मीठ आल्यावर ते जसं कळलं तसं आधी कधी कळलं नव्हतं.

पुढे चिपीची झाडं लागली. पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवलं, हे मावशींना माहीत होतं आणि त्यांनी ते अभिमानाने सांगितलं. एक खंड्या बराच वेळ होडीच्या पुढे पुढे फांदी बदलत उडत राहिला. मावशींना विचारलं, पूर्वी या झाडांचं काय करायचात? सरपणाला तोडायचो, त्या म्हणाल्या. आता कुणी तोडताना दिसलं तर आम्हीच बोलतो. कोळंबी, खेकडे, मासे यांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाने वाढतात. झाड गेलं तर जाळ्यात काय येणार, हा हिशोब या बायकांनी घराघरांत पोचवला आहे.

जायचं असेल तर आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या. भरतीला होडी जास्त आत जाते, ओहोटीला मुळं दिसतात. सकाळची वेळ चांगली, कारण दहानंतर पाण्यावरचं ऊन सोसत नाही. टोपी हवीच.

परतताना झुलत्या पुलावर थांबलो आणि मग रिक्षाने एका वेगळ्या ठिकाणी गेलो. कचरा डेपो बघायला सहलीला कोणी जात नाही, पण वेंगुर्ल्यात जावं. 2015 नंतरच्या दोन-अडीच वर्षांत मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात जुन्या डेपोचं रूप पार पालटलं. कचरा घरातच वेगळा करायचा, एकत्र दिला तर उचलायचा नाही, हे ठरलं आणि पाळलं गेलं. डेपोवर आल्यावर त्याचे पुन्हा वीसहून जास्त प्रकार होतात. ओल्यातून बायोगॅस आणि खत, पालापाचोळ्यातून जळणाच्या कांड्या, प्लास्टिकचा चुरा करून तो डांबरी रस्त्यांत. दुर्गंधी कुठेच नाही. तिथे काम करणाऱ्या एका ताईंनी आम्हाला शेड दाखवली. बाटल्यांची झाकणं वेगळी, काच वेगळी, चपला वेगळ्या, नारळाच्या करवंट्या वेगळ्या. "पयली लोका नाकार रुमाल धरून जायत. आता शाळेची पोरां येतत," त्या म्हणाल्या.

आमच्या सोसायटीत ओला-सुका एवढे दोन डबे वेगळे ठेवण्यावरून वर्षभर बैठका चालल्या आहेत. बारा-साडेबारा हजार वस्तीच्या गावाने हे करून दाखवलं, याचं मोल मोठं आहे. त्यात अधिकाऱ्याची जिद्द होतीच, पण रोज सकाळी डबे वेगळे करणारी घरंही होती.

दुपारी प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या आवारात थोडा वेळ गेलो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र 1957 पासून आहे. काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या सगळ्या जाती इथल्या. बागायतदारांच्या तोंडी त्यातल्या चार आणि सात नंबरची नावं सारखी येतात. सातचा गर मोठा, म्हणून भाव चांगला. नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला रत्ना आंबाही इथलाच, 1981 चा. कलमं घ्यायची असतील तर पावसाच्या तोंडावर यावं आणि आधी चौकशी करावी.

शनिवार: रापण आणि ओले काजू

पहाटे काकींचा मुलगा दार वाजवून म्हणाला, "रापण वडतत, येतास काय?" तसाच उठून किनाऱ्यावर गेलो. धुकं होतं, समुद्राचा नुसता आवाज येत होता.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी अर्धवर्तुळात फिरून जाळं समुद्रात सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगांनी माणसं ते ओढतात. एकेका दोराला पंधरा-वीस जण. तरुण पोरांनी कमरेला पट्टा बांधून दोर त्यात अडकवला होता आणि ते पाठमोरे, टाचा वाळूत रोवत मागे सरकत होते. मागे पोचला की पट्टा सोडायचा, धावत पाण्यापर्यंत जायचं, पुन्हा अडकवायचा. मीही दोराला हात घातला. ओला काथ्या तळव्यात रुतत होता आणि प्रत्येक लाटेला जाळं आम्हाला पुढे खेचत होतं. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येत गेल्या. तासाभरानं पाण्यात जाळ्याची खोळ दिसली आणि वरचे कावळे, बगळे एकदम खाली आले.

खोळ वाळूवर आली तेव्हा आत पेडवे होते, थोडे बांगडे, सौंदाळे, दोन-तीन खेकडे आणि बऱ्याचशा जेलीफिश. सूर्य नुकताच वर येत होता आणि पेडव्यांची पाठ निळी-हिरवी दिसत होती. बायका पाट्या घेऊन बसल्या आणि भराभर निवड सुरू झाली. भाव तिथेच ठरला. मग वाटे पडले: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. मी बाजूला उभा होतो, तर एका म्हाताऱ्या रापणकारांनी ओंजळभर पेडवे पिशवीत टाकून माझ्या हातात दिले. मी नको नको म्हणालो तर ते म्हणाले, "हात लावलात मां? मगे वाटो तुमचोय आसा."

हा नियम मला फार भावला. ज्याने दोर ओढला त्याचा वाटा. ओढणारा पाहुणा का असेना.

पण त्यांच्या बोलण्यात काळजीही होती. पूर्वी खोळ ओढायला माणसं कमी पडत, आता अनेकदा जाळं जवळजवळ रिकामं येतं. खोल समुद्रात पर्ससीन जाळी लावून मोठ्या यांत्रिक नौका मासळीचे थवेच्या थवे उचलतात, किनाऱ्यापर्यंत मासा येतच नाही, असं इथले गाबीत समाजाचे मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आले. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री लांबवर दिवे दिसतात, ते म्हातारे रापणकार म्हणाले. रापणीला डिझेल लागत नाही, तळ खरवडला जात नाही, आणि एका ओढीवर चाळीस घरांची चूल पेटते. अशी मासेमारी टिकवायला कायदा आहे. तो समुद्रात पाळला जातो का, हे बघायला पुरेशा गस्ती नौका आणि माणसं द्यायला हवीत.

घरी आलो तर काकी मागच्या पडवीत आडाळा म्हणजे विळी घेऊन बसल्या होत्या. समोर ओल्या काजूच्या हिरव्या बिया. बोटांना खोबरेल चोपडलेलं. हिरव्या सालीतला चीक कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं आणि कातडी सोलून निघते, म्हणून ही तयारी. एक बी पात्यावर उभी धरायची, दोन भाग करायचे आणि टोकदार काडीने गर अलगद काढायचा. गर तुटता कामा नये. मग गरम पाण्यात टाकून वरचं तांबूस साल बोटांनी काढायचं. आईने मदत करायचा हट्ट धरला तेव्हा काकींनी तिच्या बोटांना आधी तेल लावलं आणि मगच काम दिलं. दोघी तासभर बसल्या. शंभरेक बियांमधून वाडगाभर गर निघाले. बाजारात ओले काजूगर महाग का, ते तिथे बसल्यावर कळतं.

दुपारी त्याचीच उसळ: भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, थोडा गूळ, वर कोथिंबीर. गर मऊ पण कणी न मोडणारे. सोबत घावणे आणि आमच्या वाट्याचे तळलेले पेडवे. पेडव्यात काटे बारीक असतात, कुरकुरीत तळले तर काट्यासकट खाता येतात. ओल्या काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हाच जावं.

संध्याकाळी मळभ आलं आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले. मोहोर आणि बारकी कैरी झाडावर असताना असं मळभ आलं की तुडतुडे वाढतात, मोहोर काळा पडतो. शहरात ढग आले की आपल्याला बरं वाटतं. इथे प्रत्येक जण आकाशाकडे बघून बागेचा विचार करत होता. थेंब पडले नाहीत, एवढंच समाधान.

रविवार: कासवं, वेतोबा, मिठागरं

उत्तरेला वायंगणीचा किनारा जवळच आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत इथे येऊन अंडी घालतात. गावातले कासवमित्र पहाटे किनारा पिंजून घरटी शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, हे ऐकून आई चकित झाली.

आम्ही उजाडताना पोचलो. घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा वाळूतून आधी एक डोकं वर आलं, मग सगळी वाळूच हलायला लागली. पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवतात आणि ती स्वतः चालत जातात. रेघ आखलेली, तिच्या पुढे कोणी जायचं नाही. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं गेलं, तिसऱ्यांदा गेलं. पिल्लं बाहेर पडतील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे एक-दोन पहाटा हाताशी ठेवा. फ्लॅश वापरू नका, मुलांना आधीच समजावून न्या.

मग दिवसभरासाठी रिक्षा ठरवून दक्षिणेला निघालो. मोचेमाडच्या चढावर गाडी थांबवाच. खाली एका बाजूला शेतं, मधे माडांची राई, पलीकडे समुद्र.

आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं. गाभाऱ्यात माणसापेक्षा कितीतरी उंच उभी मूर्ती. नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला चांगल्या हातभर लांब, ओळीने ठेवलेल्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून चपलांचे तळ झिजतात, ही इथली श्रद्धा. पुजाऱ्यांनी एक झिजलेली जोडी दाखवली. आईने डोकं टेकवलं आणि बराच वेळ उठली नाही.

शिरोड्याची मिठागरं बघायला ऊनच हवं. खाडीचं पाणी बांध घातलेल्या वाफ्यांमध्ये घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरतात. लांब दांड्याच्या फावड्याने ते ओढून बांधावर ढीग करतात. मे 1930 मध्ये याच ठिकाणी मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आज काम करणारे हात कमी झालेत. एका कामगाराने सांगितलं, त्यांची मुलं गोव्यात नोकरीला जातात. इथलं जाडं मीठ मासे खारवायला, लोणच्याला आणि माडांच्या बुंध्यात घालायला नेतात. आम्हीही दोन किलो घेतलं.

रेडीला पोचेपर्यंत रस्ता लाल झाला. लोहखनिजाच्या खाणींची धूळ झाडांच्या पानांवरसुद्धा होती. 1976 मध्ये खाणीच्याच भागात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती आज सगळ्यांना माहीत आहे. आम्ही जास्त वेळ यशवंतगडावर काढला. वडाच्या मुळांनी कमानी वेढल्या आहेत. पावलांखाली वाळका पाला खूप असतो, बूट घालून जा.

सोमवार: निघताना

सकाळ बाजारात गेली. काजू घेताना गर साबूत आहेत का, हे आधी बघा. तुकडा स्वस्त पडतो आणि खिरीला, वाटणाला तोच पुरतो. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या नावाने बाहेरचा मालही विकला जातो, म्हणून गावातल्या छोट्या कारखान्यातून थेट घ्यावा. कोकमं, खाजा आणि सुकी कोळंबीही घेतली. सुक्या मासळीसाठी घट्ट झाकणाचा डबा घरूनच न्या, नाहीतर रेल्वेच्या अख्ख्या डब्यातल्या प्रवाशांना वास येतो.

राहायला बंदर किंवा उभादांडा बरा. कासवांसाठीच जाणार असाल तर सरळ वायंगणीत घर बघा. घरगुती जेवण आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं, कारण मासा सकाळच्या बाजारावर ठरतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवू नका. आणि मुक्कामाच्या घरी पोचल्यावर कचऱ्याचे डबे कुठे कुठे आहेत ते पहिल्यांदा विचारा. काकींच्या पडवीत चार होते. आईने पुण्याला आल्यावर आमच्या स्वयंपाकघरात तेवढेच मांडले आहेत.